गवत कापायचं की राखायचं? आयोवातल्या एका जुन्या दफनभूमीचं प्रकरण

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या पूर्व भागात, एका टाउनशिपमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, आणि टाउनशिप हा त्यातला छोटा ग्रामीण भाग), मका आणि सोयाबीनच्या शेतांच्या मधोमध, एकराहून थोडी कमी अशी एक उंचवट्याची जागा आहे. भोवती लोखंडी कुंपण, आत पांढऱ्या संगमरवराच्या शिळा, काही उभ्या, काही आडव्या. आयोवाच्या कायद्यात अशा जागेला 'पायोनियर सेमेटरी', म्हणजे पहिल्या वसाहतवाल्यांची दफनभूमी, म्हणतात. मागच्या पन्नास वर्षांत बारा किंवा त्याहून कमी दफनं झाली असतील, तर ती जागा या वर्गात येते. इथे पन्नास वर्षांत एकही झालं नव्हतं.

या दफनभूमीत गवत कापावं की कापू नये, यावरून जो वाद झाला आणि तो कुठवर मिटला, त्याची ही नोंद आहे. शिळांचा नकाशा करणाऱ्या स्वयंसेवकांत मी होतो, त्यामुळे बहुतेक बैठकांना बसता आलं. माणसं आणि ठिकाण ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील गाळले आहेत, काही बदलले आहेत.

पार्श्वभूमी

1832 च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर सॉक आणि मेस्क्वाकी या मूळ अमेरिकी जमातींना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेची मोठी पट्टी सोडावी लागली. 1 जून 1833 पासून ती गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी खुली झाली. ओहायो, पेनसिल्व्हेनिया, इंडियाना इथून कुटुंबं बैलगाड्या घेऊन आली. सरकारी मोजणीदारांनी जमिनीचे सहा मैल बाय सहा मैलांचे चौकोन आखले, त्यात एकेक चौरस मैलाचे छत्तीस तुकडे पाडले. आजही विमानातून आयोवा बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं, ते या आखणीमुळे. 28 डिसेंबर 1846 ला आयोवा राज्य झालं, तेव्हा या टाउनशिपमध्ये वस्ती होऊन काही वर्षं लोटली होती.

पहिली दफनं बहुधा घराजवळच होत. या उंचवट्यावरची वाचता येणारी सर्वांत जुनी शिळा एका लहान मुलाची आहे, आणि अशा दफनभूमींत ते नवलाचं नाही. शिळांवर वय वर्षं, महिने, दिवस असं कोरलेलं असतं, त्यामुळे मृत्यूच्या तारखेतून वजाबाकी करून जन्मतारीख काढता येते. एका ओळीत एकाच घरातली तीन मुलं आहेत, तिघंही एकाच हिवाळ्यात गेलेली. घटसर्प असावा, असा कयास आहे. कागद नाही. सगळी थडगी पूर्व-पश्चिम आहेत, पाय पूर्वेला. पुनरुत्थानाच्या दिवशी उठताना तोंड उगवतीकडे असावं, ही त्यामागची श्रद्धा.

थोडं पुढे आलं की अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांच्या शिळा लागतात. आयोवातून सुमारे 76,000 माणसं त्या युद्धात गेली. 1879 च्या कायद्यानंतर खाजगी दफनभूमीतल्या सैनिकांच्या थडग्यांनाही सरकारी शिळा मिळू लागल्या. वरच्या बाजूला किंचित गोलाई आणि आत खोदलेली ढाल, यावरून त्या लांबूनही ओळखता येतात. कोपऱ्यात निळसर राखाडी रंगाचा एक उंच स्तंभ आहे. दगडाचा वाटतो, पण टिचकी मारली की पोकळ वाजतो. तो जस्ताचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अशी स्मारकं 'व्हाइट ब्रॉन्झ' या भारदस्त नावाखाली विकली जात आणि आयोवाच्या राजधानीत, डे मॉइनमध्येही, ती करणारा कारखाना होता. संगमरवरावरची अक्षरं पुसट झाली आहेत. या स्वस्त जस्तावरची मात्र अजून बोटाला लागतात.

मग रेल्वे दुसऱ्या गावावरून गेली. दुकानं तिकडे सरकली, चर्चही तिकडे गेलं, आणि दफनभूमी शेतात एकटी उरली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथली दफनं थांबली. मध्य-पश्चिमेतल्या शेकडो दफनभूमींची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे.

या कुंपणाच्या आत माणसांखेरीज आणखी एक गोष्ट शिल्लक होती, ती इतकी वर्षं कोणी बघितलीच नव्हती. वसाहत होण्याआधी आयोवाचा सुमारे 85 टक्के भाग उंच गवताची प्रेअरी, म्हणजे नैसर्गिक गवताळ माळरान, होता. जॉन डियरने 1837 मध्ये इलिनॉयमध्ये पोलादी फाळाचा नांगर तयार केला, आणि त्या चिवट मुळांच्या जमिनीला पहिल्यांदा तोडीस तोड अवजार मिळालं. आज मूळ प्रेअरीचा एक दशांश टक्कासुद्धा उरलेला नाही. जिथे नांगर घालता येत नव्हता तिथेच ती राहिली: रेल्वेच्या कडेला, खडकाळ उतारावर आणि दफनभूमीत.

वाद कसा उभा राहिला

टाउनशिपचा कारभार तीन निवडून आलेले विश्वस्त आणि एक कारकून बघतात, आणि दफनभूमींची देखभाल त्यांच्याकडेच असते. कित्येक वर्षं एकच गृहस्थ ठरलेल्या मोबदल्यात उन्हाळाभर इथलं गवत कापायचे. ते थकले, काम सोडलं. नवा माणूस मिळेना. दोन उन्हाळे मोअर फिरलाच नाही.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात उंचवट्यावर शूटिंग स्टारची फुलं आली, गुलाबी-पांढरी, मागे वळलेल्या पाकळ्यांची. मग प्रेअरीतलीच आणखी दोन झाडं: जूनमध्ये लेडप्लांट दिसलं, जुलैत कंपास प्लांट माणसाच्या उंचीएवढा झाला. कापणीच्या पात्याखाली ही झाडं मुळांवर तग धरून होती. तालुक्याच्या गावच्या शाळेतल्या जीवशास्त्राच्या एका निवृत्त शिक्षकांनी ती ओळखली आणि विश्वस्तांना पत्र लिहिलं: इथे आता मोअर फिरवू नका.

त्याच मे महिन्यात मेमोरियल डे आला. हा दिवस पूर्वी 30 मे रोजी असे, 1971 पासून मेच्या शेवटच्या सोमवारी पाळला जातो. ग्रामीण आयोवात त्या दिवशी लोक पिओनीची फुलं घेऊन आपापल्या थडग्यांवर जातात. ऐंशी पार केलेल्या एक बाई दोन राज्यं ओलांडून आल्या, तर पणजीची शिळा गवतात सापडेना. त्यांचंही पत्र विश्वस्तांकडे गेलं, आणि ते शिक्षकांच्या पत्रापेक्षा बरंच कडक होतं.

विश्वस्तांपुढे दोन पत्रं आणि रिकामी तिजोरी, अशी अवस्था होती. त्यात इतर गोष्टींची भर पडली. जंगली सीडरची मुळं शिळांखाली शिरली होती. शेजारच्या शेतातून फवारणीचा उडता अंश येऊन कुंपणालगतची रुंद पानांची झाडं वाकडी होत होती. आणि जागेची मालकी नेमकी कोणाची, हे खरेदीखतात धड लिहिलेलं नव्हतं. जुन्या खतात फक्त 'दफनभूमी वगळून' एवढाच उल्लेख होता.

माझ्या मते वाद गवताचा नव्हताच. मेलेल्या माणसाचा मान कशात आहे, हे कोणी ठरवायचं, यावरून तो होता. शिक्षकांना वाटे, ज्या माळरानावर ही माणसं आली आणि ज्यात पुरली गेली, तेच त्यांच्या अंगावर राहिलं तर याहून मोठा मान नाही. बाईंना वाटे, नाव वाचता येत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. दोघंही मनापासून बोलत होते आणि पहिल्या बैठकीत दोघांनी एकमेकांचं ऐकून घेतलं नाही.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: नवा ठेकेदार शोधायचा आणि पुन्हा हिरवळ करायची. खर्च दरवर्षीचा, पण तक्रार कोणाची नाही, असं एका विश्वस्तांचं म्हणणं. शिक्षकांची तक्रार त्यांनी मोजली नव्हती.

दुसरा, सगळी जागा निसर्गाला सोडून द्यायची. याला दाखले होते. ओहायोच्या मॅडिसन काउंटीत बिगेलो सेमेटरी ही जेमतेम अर्ध्या एकराची दफनभूमी 1978 पासून राज्याचं संरक्षित निसर्गक्षेत्र आहे. आयोवातच सीडर काउंटीतली रोचेस्टर सेमेटरी तेरा एकरांच्या आसपास आहे, आणि तिथे प्रेअरीच्या फुलांमध्ये थडगी असं दृश्य बघायला लोक लांबून येतात. पण तिथेही कापणीवरून कुरबुरी झालेल्या आहेतच, हे सांगणारा माणूस बैठकीत होता.

तिसरा पर्याय ऐकून मी चक्रावलो. सगळ्या शिळा उचलून गावातल्या मोठ्या दफनभूमीत एका ओळीत सिमेंटमध्ये बसवायच्या, म्हणजे देखभाल सोपी. पूर्वी कित्येक ठिकाणी असं झालेलंही आहे. पण शिळा गेली की खालचा माणूस बेवारस होतो, आणि शंभर वर्षांनी तिथे कोणी पाया खणला तर काय? सुदैवाने तो पर्याय लवकर बाजूला पडला.

चौथा, काउंटीकडे हात पसरायचा. आयोवाच्या कायद्याने काउंटीला अशा जुन्या दफनभूमी आपल्याकडे घेऊन त्यासाठी वेगळा आयोग नेमता येतो. या काउंटीत असा आयोग नव्हता, आणि तो नेमायची घाईही कोणाला नव्हती.

उरला तो मधला मार्ग: काही भाग कापायचा, काही राखायचा, आणि कधी काय करायचं याचं वेळापत्रक लिहून ठेवायचं. त्यावर एकमत व्हायला पूर्ण हिवाळा गेला.

तारा, रडार आणि नसलेल्या शिळा

वेळापत्रकाआधी एक प्रश्न सुटायला हवा होता: थडगी नक्की कुठे कुठे आहेत? पहिल्या काळात लाकडी फळ्या लावत. त्या कुजल्या किंवा वणव्यात गेल्या. 1930 च्या दशकात, मंदीच्या काळात, डब्ल्यूपीए या सरकारी रोजगार योजनेतून आयोवात शिळांच्या नोंदी घेतल्या गेल्या. त्या यादीशी आम्ही आमचा नकाशा ताडून पाहिला, तर यादीतली काही नावं जागेवर नव्हतीच.

इथे आमच्या स्वयंसेवक गटातल्या एका सभासदांनी तारा आणल्या. काटकोनात वाकवलेल्या दोन तारा हातात धरून चालायचं, त्या एकमेकींवर आल्या की खाली थडगं. अमेरिकेच्या ग्रामीण भागात यावर मनापासून विश्वास ठेवणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडे तळहातावर नारळ ठेवून पाणी दाखवणारा पाणाडी असतो, त्याचा हा भाऊ. पाणाड्याचं चुकलं तर बोअर कोरडी जाते. इथे चुकलं तर कोणाच्या तरी हाडांवरून वाट जाते. आयोवाच्या राज्य पुरातत्त्व कार्यालयातल्या तज्ज्ञांनी ही पद्धत तपासून तिला आधार नसल्याचं लिहिलेलं आहे. तरीही त्या गृहस्थांना 'तुमचं खोटं' असं कोणी म्हटलं नाही. गटप्रमुख बाईंनी त्यांना तारांनी जिथे जिथे खूण दिसेल तिथे झेंड्या लावू दिल्या, आणि मग शांतपणे विचारलं की झेंड्या कुंपणाबाहेर शेतातही लागल्या आहेत, त्यांचं काय करायचं. विषय तिथेच संपला. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा क्षण वाटतो.

जमिनीत शिरणाऱ्या रडारचा विचार झाला. पण चिकणमाती जास्त असली की रडारचं चित्र अंधुक येतं, आणि भाडं परवडणारं नव्हतं. खणून बघणं तर शक्यच नव्हतं. आयोवात 150 वर्षांपेक्षा जुने मानवी अवशेष राज्य पुरातत्त्व कार्यालयाच्या अखत्यारीत येतात, मग ते वसाहतवाल्याचे असोत की मूळ रहिवाशाचे.

हा कायदा कसा आला, हे या प्रकरणात सांगायलाच हवं. 1971 मध्ये पश्चिम आयोवात ग्लेनवूडजवळ रस्त्याच्या कामात एक जुनी दफनभूमी लागली. 26 वसाहतवाल्यांचे अवशेष जवळच्या दफनभूमीत पुन्हा पुरले गेले. तिथेच एक मूळ अमेरिकी स्त्री आणि तिचं बाळ सापडलं. त्यांची हाडं अभ्यासासाठी आयोवा सिटीला पाठवली गेली. यँक्टन डकोटा जमातीच्या मारिया पिअर्सन यांना हे आपल्या नवऱ्याकडून कळलं, तो महामार्ग खात्यात इंजिनिअर होता. पारंपरिक वेश करून त्या थेट गव्हर्नर रॉबर्ट रे यांच्या कार्यालयात गेल्या. 1976 मध्ये आयोवाने प्राचीन दफनांना संरक्षण देणारा कायदा केला, आणि मूळ अमेरिकींची थडगी आणि अवशेष यांबद्दलच्या 1990 च्या देशव्यापी कायद्याची वाट तिथून सुरू झाली.

आमचा उंचवटाही नदीकडे बघणारा आहे. वसाहतवाल्यांच्या आधी तो कोणी वापरला नसेल, असं छातीठोकपणे म्हणायला कोणी तयार नव्हतं. म्हणून ठरलं: जमिनीत काहीही खुपसायचं नाही, रिकाम्या दिसणाऱ्या जागेलाही थडगं असल्यासारखंच वागवायचं.

काय केलं

आधी नोंद, मग हात. प्रत्येक शिळेला क्रमांक दिला. आरशाने तिरका उजेड पाडून फोटो काढले. समोरून कोरी दिसणारी शिळा तिरक्या उजेडात नाव सांगते. खडू किंवा दाढीचा फेस लावून अक्षरं उठवायची सवय लोकांना असते, ती बंद केली.

धुण्यासाठी फक्त पाणी, मऊ ब्रश आणि डी-टू नावाचं जैविक द्रावण. राष्ट्रीय सैनिकी दफनभूमींतही तेच वापरतात. ब्लीचने शिळा त्या दिवशी चकचकीत होते, पण क्षार आत राहून पुढे दगडाचा पापुद्रा सुटतो. मोडलेल्या शिळांपैकी काही जुन्या काळी कोणीतरी सिमेंटमध्ये रोवल्या होत्या आणि बरोबर सिमेंटच्या वरून तुटल्या होत्या. सिमेंट संगमरवरापेक्षा कडक, ते दगडाला हलू देत नाही. नव्याने बसवताना चुन्याचा गिलावा आणि खडीचा थर वापरला. सीडर जमिनीलगत कापले, पण बुंधे उपटले नाहीत, कारण त्या मुळांनी काय धरून ठेवलं असेल ते सांगता येत नाही.

गवताचा तोडगा असा निघाला. प्रत्येक शिळेभोवती हातभर रुंदीचं कडं हाताच्या कात्रीने छाटायचं. वायरच्या ट्रिमरला बंदी, कारण ती नायलॉनची दोरी संगमरवरावर दर वर्षी एक चर पाडते. फाटकापासून प्रत्येक कुटुंबाच्या ओळीपर्यंत पायवाट मेमोरियल डेच्या आठवडाभर आधी कापायची. बाकी सगळं शरद ऋतू संपेपर्यंत तसंच ठेवायचं. नेमका हाच काळ अवघड होता: शूटिंग स्टार मेमध्ये फुलतो आणि बी जुलैपर्यंत पिकतं, म्हणजे बाईंना जेव्हा कापलेलं हवं, तेव्हाच शिक्षकांना न कापलेलं हवं. वाटा आखताना शिक्षक स्वतः पुढे चालले आणि दाट फुलांच्या जागा वळसा घालून टाळल्या. बाईंच्या पणजीपर्यंतची वाट सगळ्यात सरळ ठेवली, हे त्यांनी न सांगता केलं.

प्रेअरीला अधूनमधून जाळ द्यावा लागतो, नाहीतर झुडपं माजतात. दर वसंतात जागेचा तिसरा हिस्सा जाळायचं ठरलं. संगमरवर तापला की त्यातले कॅल्साइटचे कण असमान फुगतात आणि दगड रवाळ होऊन झडू लागतो, म्हणून आधी शिळांभोवतीचं वाळलेलं गवत काढून शिळा पाण्याने भिजवायच्या. जस्ताच्या स्तंभाची जास्त काळजी. जस्त 420 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, आणि वाळल्या गवताची ज्वाळा त्याच्या पुढे सहज जाते. त्या कोपऱ्यात जाळ करायचाच नाही, असं लिहून ठेवलं.

परिणाम

तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत जागा बघण्यासारखी झाली, पण सगळं जमलं असं नाही. कापलेल्या वाटांच्या कडेने स्मूथ ब्रोम हे बाहेरचं गवत आत सरकू लागलं. वाट नसती तर ते इतक्या लवकर आलं नसतं. कोणा जुन्या कुटुंबाने हौसेने लावलेली डे लिली प्रेअरीवर चढते आहे, आणि ती उपटावी की तीही इतिहास मानावी, यावर अजून दोन तट आहेत. मी उपटावी या बाजूचा आहे. जुलैच्या उकाड्यात कात्री घेऊन बसायला स्वयंसेवक मिळत नाहीत, तेव्हा शिळांभोवतीची कडी वाढतात. शेजारच्या शेतकऱ्याने मात्र कुंपणालगतच्या काही ओळी वारा असताना न फवारण्याचं कबूल केलं आणि ते पाळलं.

विश्वस्तांनी हे सगळं ठराव म्हणून इतिवृत्तात घेतलं. तीन माणसं निवडणुकीत बदलतात. तोंडी समजूत त्यांच्याबरोबर जाते.

बाई पूर्ण समाधानी नाहीत. त्या येतात, वाटेने पणजीपर्यंत जातात, फुलं ठेवतात आणि गवताबद्दल एकदा बोलतातच.

पुन्हा करायचं झालं तर

फाटकावर माहितीची पाटी तिसऱ्या वर्षी लागली. ती मोअर थांबला त्याच आठवड्यात लागायला हवी होती. वाढलेलं गवत आणि राखलेलं गवत यांतला फरक येणाऱ्याला पाटीशिवाय कळत नाही. बाईंचा पहिला संताप दुर्लक्षावर होता, प्रेअरीवर नव्हे.

वंशजांना पत्रं वाद पेटल्यावर गेली. ती आधीच्या हिवाळ्यात गेली असती तर डब्ल्यूपीएच्या यादीतली हरवलेली नावं शोधायलाही मदत झाली असती. पुढे दोन कुटुंबांनी जुने फोटो पाठवले, त्यात आता नसलेल्या शिळा उभ्या दिसतात. मेस्क्वाकी लोकांनी 1857 मध्ये टामा काउंटीत स्वतःच्या पैशाने 80 एकर जमीन विकत घेतली आणि ते आजही तिथे राहतात, मोटारीने जाण्याच्या अंतरावर. त्यांच्या इतिहास विभागाला पत्र गेलं ते सगळ्यात शेवटी. नदीकाठच्या उंचवट्याबद्दल पहिलं पत्र त्यांनाच जायला हवं होतं, असं माझं मत आहे, आणि गटातल्या सगळ्यांना ते पटत नाही.

सध्या विश्वस्तांपुढे नवा अर्ज आहे. एका वंशजाला आपल्या खापरपणजोबांच्या शेजारी दफन व्हायचं आहे. शवपेटीसाठी खड्डा खणायचा तर आपण घालून घेतलेला नियम मोडतो. नाही म्हणायचं तर ज्यांच्यासाठी ही जागा राखली त्यांच्याच घरच्यांना फाटक बंद होतं. फक्त अस्थींची राख, तीही आधीपासून कुटुंबाची शिळा असलेल्या ओळीतच आणि उथळ खळग्यात, असा मसुदा फिरतो आहे. पुरातत्त्व कार्यालयाचं मत मागवलं आहे. पुढच्या बैठकीत त्यावर मतदान व्हायचं आहे.